पासंग

डुलुथच्या गोदीवर मी गहू तोलतो.
काटा खोटं बोलत नाही, असं लोक म्हणतात.
तेवीस वर्षं झाली. काटा रोज सकाळी
थोडं खोटं बोलतो,
आणि किती बोलला ते आधी विचारून
तेवढा पासंग दुसऱ्या पारड्यात टाकायचा असतो.
एवढीच माझी विद्या.

जानेवारीत सरोवर गोठतं, शेवटचं जहाज निघून जातं,
तेव्हा मी निळी वही काढतो.
व्हिडिओ गेममधल्या पात्रांची स्पर्धा:
एकशे अठ्ठावीस जण, दोघं-दोघं समोरासमोर,
चोवीस तास मतदान, हरेल तो घरी.
(घर कुठलं त्यांना. बटण दाबलं की अंधार.)

वहीत काय काय आहे म्हणून सांगू.
तलवारवाले पहिल्या तासातच पुढे जातात,
त्यांचे लोक घड्याळ लावून बसलेले असतात.
दुपारी तीनला शाळा सुटतात आणि
सशाच्या कानांची मुलगी चार टक्के वर चढते.
चित्र पाठमोरं असेल तर दोन टक्के वजा.
दोघं एकाच गेममधले असले
तर धाकट्याला थोरला गिळतो, पार हाडांसकट;
त्याचं सूत्र मी स्वतः बसवलंय, तीन हिवाळे घालवून.

सिग्नी विनिपेगला असते.
माझी मुलगी. एरवी फोन नाही, पत्र नाही,
तिच्या आईकडून कळतं तेवढं कळतं.
पण स्पर्धा लागली की तिचा रोज एक निरोप येतो:
एक नाव. फक्त नाव.

यंदा दुसऱ्या फेरीत राजपुत्र केल्व्हार,
तीनदा विजेता, केस वाऱ्याशिवाय उडणारे,
आणि समोर ओब्ला,
खिंडीतली दुकानदारीण, दिव्याचं तेल विकणारी.
अख्ख्या गेममध्ये तिला वाक्य एकच:
'बाहेर थंडी आहे. दार लावून घे.'
मी लिहिलं: केल्व्हार, अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार.
सिग्नीचा निरोप: ओब्ला.
मी हसलो. पोरीला गणित कधी आलंच नाही.

सहा तासांनी केल्व्हार सत्तरवर.
मी म्हटलं, रात्रीची मतं, उतरतील.
मध्यरात्री बासष्ट.
पहाटे तीनला रेषा एकमेकींना शिवल्या
आणि मी स्वयंपाकघरात उभ्याने
गार कॉफी पीत बघत राहिलो,
धान्याची गाडी काट्यावर चढते
आणि सुई हलतच नाही, तसं.
ओब्ला, पन्नास पूर्णांक नऊ.

आठवडाभर कारण शोधलं.
मतं कुणी कोंबली का? नाही, ओघ सरळ होता.
चित्र? तिचं तर धुरकट होतं.
मग जुना गेम लावला, सिग्नी नऊ वर्षांची असताना
आम्ही खेळायचो तो,
आणि खिंडीपर्यंत गेलो. चार तास लागले.
चारही बाजूंनी लांडगे, आणि मध्ये तिचं दुकान:
जिथे कुणी चावत नाही
अशी त्या डोंगरातली एकच खोली.
प्रत्येकानं खेळ थांबवून दिवा मालवला होता
तो तिथे.
जेवायला हाक आली तेव्हा तिथे, ताप आला तेव्हा तिथे,
आणि ज्या मार्चमध्ये आमचं घर वाटलं गेलं
तेव्हा आम्हीही तिथेच थांबलो होतो, सिग्नी आणि मी.
पुढे कधी गेलोच नाही.

याला रकाना कुठला देणार?
वहीत 'इतर' असं लिहिलं. मग खोडलं.

सिग्नीला कळवलं: तू बरोबर होतीस. का, ते समजलं.
उत्तर आलं नाही. नियम नियम असतो.

तिसऱ्या फेरीत ओब्लाला बादलीनं हरवलं.
हो, बादली. पत्र्याची. गंमत म्हणून कुणीतरी उभी केलेली,
तिला चेहरासुद्धा नाही.
एकाहत्तर टक्के.
माझा अंदाज नऊ होता.

त्या रात्री सिग्नीचा निरोप आला, वेळेआधीच,
नाव नव्हे, चक्क एक वाक्य:
'बाबा, बादलीचा पासंग किती धरायचा?'
मी पेन्सिलीला टोक काढलं.
बाहेर उणे सव्वीस.